जसंच्या तसं

ती बाई आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेप लावून उभी होती. खुर्चीवर चढून, आणि खुर्चीही आमचीच. खाली तिचा नवरा, आमच्या रेल्वेच्या संस्थेत नुकताच बदलून आलेला तरुण अधिकारी, मोबाईलवर आकडे टिपून घेत होता आणि मधूनच माझ्याकडे बघून कसनुसं हसत होता. "सर, बस परदों का नाप ले रहे थे. आप आराम से खाली कीजिए, कोई जल्दी नहीं," असं तो दोनदा म्हणाला. आराम से म्हणे! मी अजून जिवंत आहे, माझं दूध गॅसवर आहे, आणि हे लोक पडदे शिवायला निघाले. टाळकंच सटकलं माझं, पण बोलणार काय? क्वार्टर त्याच्या नावावर झालेलं होतं, कायद्यानं तो बरोबर होता. आणि विभा? माझी बायको त्या दोघांच्या मागून हौसेनं फिरत होती, खोल्या दाखवत होती, कपाटं उघडून दाखवत होती. तिला वाटलं पाहुणे आलेत. तिनं चहा टाकला, डब्यातले शंकरपाळे काढले, त्या मुलीला "अरे लो ना, शर्माओ मत" म्हणत आणखी दोन वाढले. ते गेल्यावर जाळीचा दरवाजा लावून ती आत आली आणि म्हणाली, "छान होती हो जोडी. पण आपल्या खिडकीचं माप कशाला घेत होते?" मी म्हटलं, "असंच." ती म्हणाली, "असं होय," आणि कपबशा विसळायला लागली. मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. मे अखेरीस हे घर सुटणार, आणि त्याआधी लखनौच्या टोकाला चिनहटकडे बांधायला काढलेलं आमचं घर उभं राहिलं नाही, तर हिला घेऊन मी जाणार कुठे, हा एकच विचार जानेवारीत निवृत्त झाल्यापासून माझ्या डोक्यात गरगरत होता.

'कुठेही जा की' असं म्हणणारे खूप. मिरजेहून भावाचा दर रविवारी फोन, इकडे या, हवा चांगली आहे. मुलगा सत्यजित गुडगावला. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो हिंदीत देतो. "बाबा, आप लोग यहीं आ जाइए न, इतना बड़ा फ्लैट है." गेलो होतो की. मागच्या पावसाळ्यात महिनाभर राहून पाहिलं. तेव्हा विभाचं विसरणं नुकतं कुठे लक्षात यायला लागलं होतं. कढईला 'ते गोल' म्हणायची, शेजारणीचं नाव चाचपडायची. मी म्हणायचो, वय झालं, होतं असं. ती तीस-पस्तीस वर्षं कॉलनीच्या शाळेत लहान वर्गांना शिकवत होती, साठ-साठ पोरांची नावं तिला पहिल्या आठवड्यात पाठ व्हायची, तिला काय धाड भरलीय असं मला वाटायचं. पण गुडगावच्या त्या फ्लॅटमध्ये एका दुपारी ती बाथरूम म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरली आणि आतच उभी राहिली. बाहेर कसं यायचं हे तिला कळेना. सगळं कपाट ओलं झालं. सुनेनं, सावनीनं, एक अक्षर न बोलता पुसून काढलं, चांगली आहे पोर. सत्यजित तिला जवळ घेऊन "मम्मा, कोई बात नहीं" म्हणत होता, आणि विभा त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. "अहो, मला घरी न्या ना," ती म्हणाली. अशी लाज मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्याच दिवसाची तिकिटं काढली. लखनौला चारबाग स्टेशनवर उतरल्यावर हमाल, रिक्षावाले, त्या गोंगाटात ती माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून चालत होती. पण मानक नगरात क्वार्टरपाशी रिक्षा थांबली मात्र, तिनं माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या, जाळीचा दरवाजा जरासा उचलून ढकलला, तो तसाच ढकलावा लागतो, आणि आतल्या काळोखात तिचा हात थेट बटणावर गेला. दिवा लागला. डोक्याला काही विचारलंच नव्हतं तिच्या हातानं. स्वयंपाकघरात उतरताना एक पायरी आहे, तिथे नवीन माणूस हमखास ठेचकाळतो, ती न बघता उतरली आणि म्हणाली, "चहा टाकते." मी बॅगा तिथेच टाकल्या आणि पलंगावर बसून रडलो. हो, रडलो, त्यात काय.

डॉक्टर म्हणाले, "निमकर साहब, दवा अपनी जगह, पर इनकी जगह मत बदलिएगा." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. जागा बदलू नका! जशी काही सरकारी जागा माझ्या वडिलांनी मला लिहून दिली होती. त्या दिवशी घरी येताना रस्ताभर मी त्या डॉक्टरला मनात शिव्या घातल्या, आणि घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलंही होतं. चिनहटच्या पुढे आमचा एक प्लॉट पडून होता, सोसायटीत सगळ्यांनी घेतला म्हणून मीही घेतलेला. त्यावर घर बांधायचं, आणि ते दुसरंतिसरं कुठलं नाही, हेच बांधायचं. हे क्वार्टर, जसंच्या तसं. जन्मभर मी रेल्वेच्या डब्यांखालचे सांगाडे तपासले. आमच्या कामाची पद्धत साधी आहे. चालणारा नमुना इंचाइंचानं मोजायचा, कागदावर उतरवायचा आणि त्याबरहुकूम दुसरा करायचा. त्यात आपलं डोकं चालवायचं नाही. तसंच केलं. सगळे रविवार मी भिंतींना टेप लावत हिंडलो, टेपचं दुसरं टोक विभाच्या हातात. तिला मजा वाटायची. "काय शिवायचंय एवढं मोठं?" ती विचारायची. मी म्हणायचो, "झबलं." मग ती अशी खळखळून हसायची की मीही हसायचो. ओट्याची उंची, मोरीचा उतार, देवाच्या कोनाड्याची रुंदी, पलंगापासून संडासापर्यंतची पावलं, दार कुठल्या हाताला उघडतं, कडी किती उंचीवर आहे. शेजारचे बाजपेयीजी कुंपणावरून बघत असत. एकदा न राहवून म्हणाले, "सरकारी क्वार्टर से आदमी ज़िंदगी भर भागता है निमकर साहब, आप साथ लिए जा रहे हैं."

ठेकेदार रामसजीवन हा बाराबंकीकडचा, पान खाऊन बोलणारा, गोड आणि निसरडा. नकाशा बघून तो आधी हसला, मग घाबरला. "साहब, ये किचन में सीढ़ी काहे? आजकल तो सब एक लेवल." म्हटलं, पायरी पाहिजे. "और ये जाली का दरवाज़ा? अब कौन लगवाता है?" म्हटलं, मी लावतो. काळी गोल बटणं मिळेनात, तर मी नख्खासच्या जुन्या बाजारात जाऊन मोडक्या पंख्यांच्या आणि घड्याळांच्या ढिगांतून ती वेचून आणली. दुकानदारानं विचारलं, फिल्मवाले हो क्या? सत्यजितला फोनवर सगळं सांगायचो, तो ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "बाबा, और अगर फिर भी मम्मा को..." मी फोन ठेवून दिला. अगर-बिगर मला नको होतं. दसऱ्यानंतर पाया खणला, थंडीच्या धुक्यात भिंती चढल्या. फेब्रुवारीत वाटायला लागलं, जमतंय की. कडूनिंबाची पानं गळायला लागली, आंब्यांना मोहोर आला, दुपारी शर्ट काढून ठेवावासा वाटे आणि संध्याकाळी पुन्हा स्वेटर. लखनौचा हा ऋतू मला इतकी वर्षं आवडत आला होता. डोक्यावर घराचं काम नसतं तेव्हा आवडतोच.

स्लॅबला इकडे लेंटर म्हणतात, आणि लेंटर पडण्याचा दिवस म्हणजे सणच. मालकानं लाडू वाटायचे, सगळ्या मजुरांना पुरी-भाजी घालायची. मी पहाटेच विभाला बाजपेयींकडे सोपवलं आणि लाडवांचे खोके घेऊन गेलो. सकाळी आभाळ निळंशार. मिक्सर धडधडायला लागला, पाट्या वर चढायला लागल्या आणि अर्धं काम झालं असेल नसेल, पश्चिमेकडून असा काळा ढग आला की बघता बघता उजेड गेला. या दिवसांत पाऊस! मी रामसजीवनच्या अंगावर ओरडलो, थांबवा. तो म्हणाला, बीच में नहीं रुकता साहब, जोड़ रह जाएगा. हे मला ठाऊक नव्हतं का? मला सगळं ठाऊक होतं, ठाऊक असून काय उपयोग? थेंब पडायला लागल्यावर आम्ही मिळेल ते प्लास्टिक ओल्या काँक्रीटवर ओढलं. वारा ते उचलत होता. मी, क्लास वन अधिकारी, पालथा पडून एका कोपऱ्यावर छाती टेकून राहिलो. पाठीवर पाऊस, पोटाखाली सिमेंटची ऊब. माझ्या शेजारी एक मजूर तसाच आडवा पडून लाडू खात होता. त्याला हसू येत होतं. मला विभा दिसत होती, त्या कपाटात उभी. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे बाबा, हे घर होऊ दे." कुणाला म्हणालो कोण जाणे. देवाशी माझं तसं काही बोलणं नसतं.

लेंटर वाचलं. पण त्यानंतर ऋतूनं जे मांडलं त्याला तोड नाही. होळीला मजूर गावी गेले ते परत येईनात, रामसजीवनचा फोन लागेना, लागला की तो म्हणे, "बस परसों, साहब." ते आले तर गारा पडल्या. मलिहाबादच्या आंब्यांचा मोहोर झडला म्हणून लोक हळहळत होते, मी आमच्या नव्या खिडकीच्या काचांसाठी हळहळत होतो. मग दोन दिवस असं कडक ऊन की प्लास्टरला भेगा, मग पुन्हा ढग की रंग वाळेना, मग गव्हाच्या कापणीला अख्खी टोळी पुन्हा गावाकडे. कापणी थांबवा असं मी कुणाला सांगू? मी रिकाम्या घरात स्टुलावर बसून राहायचो, भिंतींवर पाइपनं पाणी मारायचो आणि मनात वेळ मोजायचो. आणि घरी विभा मोजत नव्हती, ती नुसती कमी होत होती. मार्चमध्ये तिची भाषा फाटायला लागली, वाक्य निम्म्यावर सोडून ती हातानं हवेत काहीतरी दाखवायची. एप्रिलमध्ये सत्यजितचा फोटो पुसता पुसता तिनं विचारलं, "हा आपल्यातलाच ना?" मी हो म्हटलं. तरी घर तिच्या हातात शाबूत होतं. डाळीचा डबा, पोळपाट, मीठ, सगळं सापडायचं. तिच्या हातांवर माझी सगळी भिस्त होती. मला भीती एकाच गोष्टीची वाटायची, घर पुरं होण्याआधी ही पुरी होईल. हे असं मी कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं एकच माणूस होतं, आणि तिला बोलून काय सांगणार?

एप्रिलच्या शेवटी, फरशी बसली, दारं लागली, तेव्हा मी चाचणी घेतली. हसा खुशाल. आमच्याकडे चाचणीशिवाय काही रुळावर जात नाही. ढगाळ दुपार होती, सगळीकडे सारखा करडा उजेड. मी विभाला गाडीतून आणलं, काही म्हणजे काही सांगितलं नाही. ती फाटकापाशी उतरली, समोर बघितलं, पदर सारखा केला. जाळीचा दरवाजा तिनं जरासा उचलून ढकलला. तो नवा होता, तसाच उघडला असता, तरी तिनं उचलला. मी मागे उभा, तोंडावर हात दाबून. ती आत गेली, चप्पल उजवीकडे काढली, बोळातून गेली, स्वयंपाकघराची पायरी न बघता उतरली, माठाच्या जागी हात नेला. माठ नव्हता. ती म्हणाली, "माठ कुणी हलवला हो?" अहो, मला काय झालं सांगू! मी तिथेच तिला धरली, अंगणातून रंगारी बघत असताना धरली, आणि म्हणालो, "मी हलवला, मी. आणतो आत्ता." ती रागावली. "विचारत जा की जरा." रामसजीवन बाहेर पान चघळत उभा होता, त्याला मी मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. संध्याकाळी सत्यजितला फोन केला, "तुझी आई नापास झाली नाही," आणि तो पलीकडून म्हणाला, "बाबा, आप जीनियस हैं." मला ते खरं वाटलं. त्या दिवशी मला सगळंच खरं वाटत होतं.

मेच्या सुरुवातीला सामान हलवलं. आधी सगळं नेऊन जागच्या जागी लावलं, कॅलेंडर त्याच खिळ्यावर, तुटक्या दांड्याचा कप त्याच फळीवर, आणि मग विभाला आणलं. पहिले दिवस आंधीचे होते. रोज धूळ उठायची, आकाश मातकट, सकाळ-संध्याकाळ ओळखू येऊ नये असं. ती घरात वावरत होती, पोळ्या लाटत होती, मी तिच्याकडे बघत वर्तमानपत्र उलटं धरून बसत होतो. मग एका दुपारी जोराचा पाऊस पडून सगळी धूळ खाली बसली आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. विभा आत झोपली होती. मी पुढच्या खोलीत डुलकी घेत होतो, तर भांड्यांचा आवाज आला, आल्याचा वास आला. स्वयंपाकघरात गेलो. खिडकीतून पिवळंधमक ऊन आत आलं होतं, ओट्यावर, परातीवर, तिच्या हातांवर. ती न्हाऊन, केस बांधून, कणीक मळत होती. "उठलात? आज किती उशीर," ती म्हणाली. "चहा घ्या आणि आंघोळीला पळा. डबा होतोय." मी घड्याळ बघितलं. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मी म्हटलं, "विभा, संध्याकाळ आहे गं." तिनं खिडकीकडे बोट केलं. "ऊन आलंय की," ती म्हणाली. लहान वर्गातल्या पोराला सांगावं तशी, न रागावता.

त्या पायरीवर मी बसलो. मानक नगरच्या क्वार्टरचं दार पश्चिमेला आणि स्वयंपाकघर मागे, पूर्वेला. तिथे सकाळ पहिल्यांदा तिच्या ओट्यावर यायची, त्या उन्हात तिनं इतकी वर्षं डबे भरले, सत्यजितचे, माझे. चिनहटच्या प्लॉटचा रस्ता पूर्वेला. पूर्वेकडे तोंड म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं माझं, बाजपेयींनी पेढे मागितले होते. आणि मी काय केलं? दार रस्त्यावर यायला हवं म्हणून टेबलावर नकाशाचा कागद उलटा फिरवला. बस्स, एवढंच. एक इंच बदलला नाही. पायरी आणली, कडी आणली, भंगारातून बटणं आणली, आणि घराभोवतीचा सूर्य तेवढा मोजायचा राहिला, कारण टेप तिथे पोहोचत नव्हती. बरं, ते ऊन मला दिसलं नव्हतं असंही नाही. मार्चभर संध्याकाळी मी त्याच खिडकीत उभा राहून भिंतींवर पाणी मारलं होतं, स्वयंपाकघरात उजेड भरपूर येतोय म्हणून खूश झालो होतो. शिकलेला गाढव! आता घर काय उचलून फिरवू? रेल्वेचा डबा असता तर फिरवलाही असता, त्यासाठी आमच्याकडे सोय असते.

मी हातपाय मारले नाहीत असं नाही. खिडकीवर जाड चादर ठोकली, तिनं ती काढून घडी घालून ठेवली. "सकाळी सकाळी अंधार कशाला?" रामसजीवनकडून कामाचा मोठा दिवा आणून पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूला बांधला आणि लावला, म्हणजे तिला सकाळ वाटेल. ती बिछान्यातून उठून आली, खिडकीत उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "कुणाचं लग्न आहे? बंद करायला सांगा हो, झोपू द्या माणसाला." आणि पुन्हा जाऊन झोपली. पछुआ, इकडचा पश्चिमेचा कोरडा वारा, सुरू झाली, ऋतू एकदाचा पक्का झाला, आता रोज स्वच्छ ऊन, जे मी वसंतभर मागत होतो. रोज दुपार कलली की तिची सकाळ होई. मी सांगत राहायचो, "विभा, संध्याकाळ आहे, मी रिटायर झालो, डबा नको." पहिल्यांदा ती हसायची. मग गोंधळायची. एकदा हातातलं लाटणं खाली ठेवून रडायला लागली. "माझं काय चुकलं सांगा ना. सगळं तर केलंय." तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. सत्यजित म्हणाला, "बाबा, बहस मत कीजिए उनसे. मान लीजिए." या वेळी मी फोन ठेवला नाही. "बरं," म्हटलं.

म्हणून काल मी मान्य केलं. पिवळं ऊन ओट्यावर आलं, तिनं हाक मारली, मी निमूट आंघोळ केली, इस्त्रीची पँट घातली, बूट घातले. सगळं वेळेत जमलंय असं तिच्या तोंडावर बघून मला बरंही वाटलं, किती दिवसांनी ती अशी निवांत दिसत होती. डबा माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "भाजीत मीठ बघा, कमी वाटलं तर तसंच खा." मी म्हटलं, "येतो." "या," ती म्हणाली, आणि जाळीच्या दरवाजाची कडी आतून लावली. मी रस्त्यावर आलो. समोरच्या घरातली माणसं खुर्च्या टाकून वारा खात बसली होती. मी नमस्कार केला आणि डबा घेऊन ऑफिसला निघाल्यासारखा ताठ चालत गेलो, कोपऱ्यापर्यंत, तिथून पुढे विटांच्या भट्टीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर. गुरं परतत होती. एका कठड्यावर बसून मी डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, कोपऱ्यात लिंबाची फोड. मीठ बरोबर होतं. मी सगळं खाल्लं. खाताना मला वाटलं, वाईट काय आहे यात? रोज संध्याकाळी थोडा वेळ ऑफिसला जायचं आणि परत यायचं, माणसं याहून अवघड नोकऱ्या करतात. दिवे लागायच्या आत परत निघालो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून थोडं ऊन होतं. मी जाळीवर टकटक केलं. ती आतून आली, ओले हात पदराला पुसत, आणि जाळीपलीकडे थांबली. कडीकडे तिचा हात गेला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, बुटांकडे, हातातल्या डब्याकडे. ओळखीचं काही शोधत होती असंही नाही. दारात आलेल्या परक्या माणसाकडे भल्या घरची बाई बघते तसं बघत होती. पदर डोक्यावरून घेतला. आमच्या संसारात आम्ही एकमेकांशी मराठीशिवाय कधी बोललो नाही, भांडतानासुद्धा नाही.

"साहब तो दफ़्तर गए हैं," विभा मला म्हणाली. "आप शाम को आइएगा."

"जी," मी म्हणालो, आणि बाहेरच्या पायरीवर बसलो.